वाकळ: भंडारा जिल्ह्यातील जुन्या कापडाचा इतिहास आणि त्याचे नवे काम

गोधडी म्हणजे जुन्या कापडाचे थर एकावर एक पसरून धावदोऱ्याने एकजीव केलेले अंथरूण-पांघरूण. विदर्भात तिला वाकळही म्हणतात. तान्ह्या बाळासाठी शिवलेली लहान, पातळ गोधडी म्हणजे दुपटे. महाराष्ट्रात सगळीकडे आढळणाऱ्या या वस्तूला भंडारा जिल्ह्यात वेगळी पार्श्वभूमी आहे. हा जिल्हा धानाचा आणि तलावांचा आहे, तसाच विणकरांचाही आहे. येथे कापड विणले गेले, नेसले गेले, विरले आणि शेवटी घरच्याच बायकांच्या हातून वाकळेत गेले.

अलीकडे या प्रकारच्या शिवणकामाला एक नवे काम मिळाले आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या हातांना चाळा मिळावा आणि त्यांची तगमग कमी व्हावी, यासाठी अनेक देशांतील स्वयंसेवक मांडीवर मावतील अशा लहान गोधड्या शिवतात. इंग्रजी भाषक त्यांना सेन्सरी क्विल्ट म्हणतात. मराठीत स्पर्शगोधडी हे नाव चालेल. ही कल्पना परदेशातून आली असली, तरी तिला लागणारे कापड, टाका आणि समज भंडाऱ्याच्या वाकळेत आधीपासून आहे. म्हणून वाकळेचा इतिहास आधी पाहिला पाहिजे.

प्रदेश आणि कापड

वैनगंगेच्या खोऱ्यातील हा मुलूख अठराव्या शतकात देवगडच्या गोंड राजांकडून नागपूरकर भोसल्यांकडे आला. तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले. पुढे भंडारा हा मध्य प्रांतातील एक जिल्हा झाला. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी हे सात तालुके या जिल्ह्यात राहिले.

नागपूरच्या परिसरात मागावरच्या कापडाची दोन जुनी घराणी होती. कोष्टी विणकर बारीक सुताची, रेशीमकाठी धोतरे आणि लुगडी विणत. नागपूर आणि उमरेडप्रमाणे पवनीचे नावही या कामासाठी घेतले जाई. रोजच्या वापराचे जाडेभरडे कापड प्रामुख्याने महार विणकर विणत. शेतावर नेसायची लुगडी, पंचे आणि पांघरायच्या जाड चादरी त्यांच्या मागावरून येत. आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटिअर १९०८ मध्ये निघाले. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. या काळातील विणकर समाजांची माहिती त्यात एकत्र सापडते. माग पुरुष चालवत असला तरी सूत उकलणे, खळ देणे, कांड्या भरणे ही कामे घरातल्या बायका आणि मुले करत. अशा घरात वाढलेल्या मुलीला सुताची जाडी, पीळ आणि वीण बोटांनी ओळखता येई. हीच पारख पुढे वाकळ शिवताना उपयोगी पडे.

तिसरे कापड रानातून आले. टसर किंवा कोसा रेशमाचा किडा घरात पाळला जात नाही. तो रानातल्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतो आणि झाडावरच कोश करतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत हे काम धिवर समाजाने परंपरेने सांभाळले. पाखरांपासून आणि मुंग्यांपासून अळ्या राखण्यासाठी कुटुंबे हंगामभर रानात राहत. या कोशांचा धागा मोहाडी आणि आंधळगाव परिसरातील मागांवर जाई. येथील करवतकाठी लुगड्याच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी टोके असतात. अंग टसरचे आणि काठ वेगळ्या रंगाचे ठेवण्यासाठी तीन धोटे चालवावे लागतात. विदर्भाच्या या करवतकाठी कापडाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

कापडाची अशी रेलचेल असूनही भंडाऱ्यात कापूस फारसा पिकत नव्हता. कापूस वऱ्हाडचा आणि वर्ध्याकडचा. वैनगंगेच्या खोऱ्यात धान. वऱ्हाडात घरच्या रुईची गादी किंवा रजई भरून घेता येई. पिंजारी धनुकली घेऊन गावात येई आणि अंगणात रुई पिंजून देई. धानपट्ट्यात रुई विकत घ्यावी लागे. त्यामुळे गरीब आणि मध्यम घरांत अंथरूण-पांघरुणाची मुख्य भिस्त जुन्या कापडावरच राहिली. खाली धानाचे तणस पसरून त्यावर वाकळ घातली की हिवाळ्याची रात्र निघे. डिसेंबर-जानेवारीत झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यातील, थंडी बोचरी असते आणि तलावाकाठच्या गावांत ती अधिक जाणवते.

तुकड्यांचे वस्त्र

तुकडे जोडून वस्त्र करण्याची परंपरा या जिल्ह्यात फार मागे नेता येते. पवनी येथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली झालेल्या या कामात मोठा प्राचीन स्तूप आणि कोरीव लेख असलेले कठड्याचे खांब सापडले. पवनी हे बौद्ध धर्माचे महत्त्वाचे केंद्र होते, हे त्यातून सिद्ध झाले. भिक्खूंचे चीवर तुकडे जोडूनच केलेले असे. विनयपिटकातील महावग्गात त्याची हकीकत आहे. मगधातील बांधांनी आखलेली भातशेते दाखवून बुद्धांनी आनंदाला तशा रचनेचे चीवर करायला सांगितले आणि आनंदाने ते करून दाखवले. टाकून दिलेली चिंधी उचलून, धुऊन, शिवून वापरणे हे भिक्खूच्या साध्या राहणीचे लक्षण मानले जाई.

मराठी संतपरंपरेतही ठिगळांचे वस्त्र वैराग्याची खूण ठरले. विदर्भातील त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण गाडगेबाबांचे आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर चिंध्यांचे वस्त्र अंगावर घेऊन, हातात खराटा धरून गावोगाव फिरले. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा अशा नावांनीही ओळखत. १९५६ मध्ये त्यांचे निधन झाले. गरिबाच्या घरातील वस्त्र अंगावर मिरवून त्यांनी त्या वस्त्राला आणि ते वापरणाऱ्या माणसांना मान मिळवून दिला.

जुन्या कापडाच्या गोधड्या भारतात इतरत्रही आहेत. बंगालची कांथा आणि बिहारची सुजनी भरतकामामुळे प्रसिद्ध झाल्या. सिंधची रल्ली रंगीत तुकड्यांच्या भौमितिक रचनेसाठी ओळखली जाते. उत्तर कर्नाटकातील सिद्दी बायकांची कवंद चारही कोपऱ्यांना लावलेल्या छोट्या घड्यांशिवाय पुरी मानली जात नाही. महाराष्ट्राच्या गोधडीला असा गाजावाजा उशिरा लाभला. गोधडी शिवणाऱ्या कलावंत गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर लिहिलेले सचित्र इंग्रजी पुस्तक २०१३ मध्ये आले. त्यामुळे ही वस्तू अभ्यासाच्या आणि संग्रहाच्या कक्षेत आली.

शिवण्याची रीत

वाकळेचे काम शेतीच्या सवडीने चाले. धान कापून, चुरून, घरात आल्यावर आणि पुढचा पावसाळा सुरू होण्याआधी बायकांना बसायला वेळ मिळे. कडक उन्हात धुऊन वाळवलेले कपडे आधी निवडले जात. जे अजून धड आहे ते वरच्या आणि खालच्या थराला, जे विरलेले आहे ते मधल्या थरांना. नऊवारी लुगडे या कामाला सर्वांत सोयीचे, कारण त्याची लांबी भरपूर आणि सूत वापराने मऊ झालेले. धोतराचे पान खालच्या थराला चाले. सदरे, परकर, टॉवेल, उशीचे अभ्रे यांचे तुकडे मध्ये भरले जात.

सारवलेल्या जमिनीवर किंवा ओट्यावर खालचे पान ताणून पसरायचे, सुरकुती राहू द्यायची नाही. त्यावर मधले थर असे लावायचे की कुठे उंचवटा किंवा पोकळी राहू नये. वरचे पान घातले की मोठे कच्चे टाके घालून सगळे जागच्या जागी धरायचे. मग जाड सुती दोऱ्याने काठापासून धावदोरा सुरू होतो. शिवणारी बाई कडेकडेने पुढे जाते, कोपऱ्याला वळते आणि फेरी पूर्ण झाल्यावर आतल्या बाजूची पुढची ओळ घेते. अशा रीतीने एकात एक चौकोन तयार होत मध्यापर्यंत पोहोचतात. मोठ्या वाकळेला तीन-चार बायका चारी बाजूंनी बसतात. सासू, सून, शेजारीण अशा वेगवेगळ्या हातांचे टाके एकाच वाकळेत येतात आणि जाणत्या नजरेला ते ओळखू येतात.

या टाक्याचे काम केवळ थर धरून ठेवण्याचे नाही. शेकडो समांतर ओळींमुळे कापडाला बारीक उठाव येतो. थरांमध्ये हवा अडकून ऊब टिकते, आणि मळलेली वाकळ नदीवर किंवा तलावावर आपटून धुतली तरी आतले तुकडे एका बाजूला जमा होत नाहीत. रुईच्या गादीला ही सोय नसते. फाटलेल्या जागी नवे ठिगळ, वर आणखी एक पातळ, अशी वाकळेची दुरुस्ती वर्षानुवर्षे चाले. जुनी वाकळ नव्या वाकळेचा मधला थरही होई. घरात वेळ किंवा हात नसतील तर मजुरी घेऊन गोधडी शिवून देणाऱ्या बायका असत. रोख पैसे, धान्य किंवा जुने कपडे हा त्यांचा मोबदला असे.

घरातले स्थान

गोधडी हे घरातले सर्वांत खासगी कापड. बाळंतपणाआधी आजी किंवा आत्या दुपट्याची तयारी करते. त्यासाठी मुद्दाम जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडे निवडले जाते. नव्या कापडातली खळ बाळाच्या कातडीला बोचते आणि जुन्या कापडाला वापरणाऱ्या माणसाची माया असते, असे बायका मानतात. आजीच्या लुगड्यात वाढलेले मूल पुढे तीच वाकळ ओढून झोपते. सासरी जाणाऱ्या मुलीच्या सामानात आईने शिवलेली गोधडी असते. म्हाताऱ्या माणसाच्या खाटेवर ती अंथरली जाते आणि आजारपणात शेवटपर्यंत तीच अंगाखाली राहते.

अशी प्रत्येक वाकळ ठरावीक माणसांच्या कपड्यांची असते. लग्नातल्या लुगड्याचा काठ, वडिलांच्या बंडीचा तुकडा, मुलाच्या शाळेच्या सदऱ्याची पट्टी तिच्यात शेजारी शेजारी येतात. घरातल्या माणसाला त्या अंधारातही हाताला कळतात. टसरचा खरखरीत तुकडा, धोतराचा घट्ट काठ, जरीची टोचणारी किनार आणि मऊ लुगडे यांतला फरक पाहायला दिवा लागत नाही. कुटुंबाची आठवण कापडात साठवण्याचे हे साधन लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी घडवले आणि राखले. त्याचे मोल ओळखायला समाजाला मात्र फार वेळ लागला.

गिरणी, टंचाई आणि बाजार

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा लोहमार्ग भंडारा जिल्ह्यातून गेला आणि वरठी येथील भंडारा रोड स्थानकावर गिरणीचा माल उतरू लागला. चरख्यावर सूत काढणे लवकरच परवडेनासे झाले. कोष्ट्यांनी गिरणीचे सूत आणून माग चालू ठेवले. जाडेभरडे कापड विणणाऱ्यांवर घाव मोठा बसला. त्यांच्या मालाची जागा गिरणीच्या स्वस्त कापडाने घेतली आणि अनेक विणकर शेतमजुरीकडे किंवा नागपूरच्या गिरण्यांकडे वळले. वाकळेच्या थरांतही हा बदल उतरला. हातमागाच्या जाड पानांमध्ये गिरणीचे छापील पातळ आणि मांजरपाट दिसू लागले.

दुसऱ्या महायुद्धात कापड मिळेनासे झाले. १९४३ मध्ये सरकारने सुती कापड आणि सूत यांवर नियंत्रण आणले. रेशनवर मिळणाऱ्या कंट्रोलच्या कापडाच्या आठवणी त्या पिढीने पुढे कित्येक वर्षे सांगितल्या. टंचाईच्या अशा काळात ठिगळ ही घराची मोठी बचत ठरली.

स्वातंत्र्यानंतर हातमागाला आधार देण्याचे प्रयत्न झाले. महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळ १९७१ मध्ये नागपूर येथे स्थापन झाले. केंद्र सरकारच्या १९७६ च्या जनता कापड योजनेतून हातमागावर स्वस्त लुगडी आणि धोतरे विणली गेली. याच काळात टेरिलीन, नायलॉन आणि पॉलिस्टरच्या साड्या खेड्यापर्यंत पोहोचल्या. त्या टिकाऊ, लवकर वाळणाऱ्या आणि रंग न जाणाऱ्या होत्या, म्हणून बायकांनी त्या आनंदाने स्वीकारल्या. वाकळेला मात्र त्या सोसल्या नाहीत. कापड घसरते, थर सरकतात, घाम टिपला जात नाही आणि विस्तवाजवळ धोका वाढतो.

दुसरा बदल दारावरच्या व्यवहाराने झाला. जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या बोहारणी गावोगाव फिरत. स्टीलचे डबे आणि पातेली आल्यावर हा व्यवहार वाढला. भंडारा हे पितळी भांड्यांसाठी नावाजलेले शहर. त्याच्याच आसपासच्या घरांत पितळेच्या जागी स्टील आले आणि त्या बदल्यात वाकळेचा कच्चा माल घराबाहेर गेला. पुढे सोलापुरी चादरी आणि पानिपतच्या गिरण्यांतली स्वस्त ब्लँकेटे आठवडी बाजारात मिळू लागली. विकतचे पांघरूण प्रतिष्ठेचे आणि वाकळ गरिबीची, अशी समजूत पसरली. नव्या पिढीतील मुलींना हा टाका शिकवणे अनेक घरांत थांबले. आज ही शिवण मुख्यतः वयस्क बायकांच्या हातात आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आणि उमेद अभियान २०११ पासून राज्यात बायकांचे गट बांधत आले आहेत. बचत गटांच्या प्रदर्शनांत गोधड्या आणि दुपटी विकायला येतात, तेव्हा या कामाला पैशाचे मोल मिळते.

स्मृतिभ्रंश आणि हात

जर्मन डॉक्टर आलॉइस आल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्ट डेटर या ५१ वर्षांच्या स्त्रीला तपासले. तिची स्मरणशक्ती झपाट्याने ढासळत होती. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर त्यांनी तिच्या मेंदूत आढळलेले बदल ट्यूबिंगेन येथील सभेत मांडले. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला आल्झायमरचे नाव दिले. स्मृतिभ्रंशाचे हे सर्वांत जास्त आढळणारे कारण आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार आणि इतर काही आजारही त्यामागे असतात.

या आजारात अलीकडच्या घटना आधी पुसल्या जातात. शब्द सापडेनासे होतात, वेळ आणि जागा कळेनाशी होते. हातांनी वर्षानुवर्षे केलेली कामे, जसे घडी घालणे, गाठ सोडणे, निवडणे आणि वळणे, त्यामानाने उशिरापर्यंत टिकतात. मधल्या टप्प्यात अनेकांचे हात अस्वस्थ होतात. पदराचे टोक चुरगाळणे, गुंड्या उघडणे-लावणे, चादर ओढणे, कातडी खाजवणे असे चाळे वाढतात आणि संध्याकाळच्या सुमारास तगमग अधिक होते. घरच्यांना तो हट्ट किंवा म्हातारचळ वाटतो. खरे तर कामाची सवय असलेले हात काम शोधत असतात.

ही तगमग शमवण्यासाठी पूर्वी मनोविकारांवरची औषधे सर्रास दिली जात. स्मृतिभ्रंशाच्या वयस्क रुग्णांमध्ये अशा काही औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला. ब्रिटनमधील नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तगमगीची कारणे शोधणे आणि औषधाविना करता येणारे उपाय आधी योजणे अपेक्षित आहे. त्यामुळे स्पर्श, संगीत, ओळखीच्या वस्तू आणि सोपी कामे यांना वैद्यकीय देखभालीत जागा मिळाली.

परदेशातील स्वयंसेवी शिवण

स्पर्श आणि हातकाम यांतून देखभाल करण्याच्या या विचाराचे काही टप्पे स्पष्ट आहेत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये यान हुल्सेगे आणि आद फेरहूल यांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी प्रकाश, आवाज आणि स्पर्श यांनी भरलेल्या खोल्या तयार केल्या. स्नूझेलेन नावाची ही पद्धत पुढे स्मृतिभ्रंशाच्या देखभालीतही आली. १९९० च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन कॅम्प यांनी माँटेसरी शिक्षणातील हाताच्या कामांची रीत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी वापरली. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांच्या १९९७ च्या पुस्तकाने आजाराआधी माणूस पाहावा हा विचार ब्रिटनमध्ये रुजवला.

दुसरीकडे इतरांसाठी गोधडी शिवण्याची स्वयंसेवी परंपरा पाश्चात्त्य देशांत जुनीच होती. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातील बायकांनी रेडक्रॉससाठी शिवलेल्या गोधड्या बॉम्बहल्ल्यांत घर गमावलेल्या ब्रिटिश कुटुंबांना मिळाल्या. १९८७ मध्ये अमेरिकेत एड्सने मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ प्रचंड गोधडी सुरू झाली. १९९५ मध्ये प्रोजेक्ट लायनस या स्वयंसेवी संस्थेने आजारी आणि संकटातील मुलांसाठी पांघरुणे गोळा करायला सुरुवात केली. शिवणाऱ्यांचे गट, चर्चमधील मंडळे आणि निवृत्त स्त्रिया यांची ही फळी पुढे स्मृतिभ्रंशाकडे वळली. २०१० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील रुग्णालये आणि वृद्धाश्रम यांनी विणलेली हातमोजेवजा नळकांडी आणि स्पर्शगोधड्या देण्याचे आवाहन केले. स्वयंसेवकांनी या वस्तू मोठ्या संख्येने पुरवल्या. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातही असे गट काम करतात.

स्पर्शगोधडी मांडीवर किंवा टेबलावर मावेल एवढीच असते. मखमल, कॉर्डुरॉय, डेनिम, साटीन, लोकर अशा वेगवेगळ्या पोतांचे तुकडे, झिप, मोठी बटणे, खिसा, वेणी, फीत, आत सरकणारा मणी यांची ती बनते. ती आजार थांबवत नाही आणि गेलेली आठवण परत आणत नाही. ती हातांना अर्थपूर्ण रीतीने गुंतवते. काही रुग्णांची तगमग त्यामुळे कमी होते आणि सोबत बसलेल्या माणसाला बोलायला निमित्त मिळते.

भारतातील गरज

भारतात या आजाराबद्दल संघटित काम १९९२ मध्ये केरळमध्ये स्थापन झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडियाने सुरू केले. तिच्या २०१० च्या अहवालात देशात ३७ लाख स्मृतिभ्रंशग्रस्त असल्याचा अंदाज होता. वयस्कांच्या राष्ट्रीय पाहणीवर आधारलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने साठीपुढील लोकांत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, असे काढले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत ते अधिक आढळले. मराठी समाजात या विषयाची जाण वाढवण्यात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २०१३ च्या ‘अस्तु’ या चित्रपटाचा वाटा आहे. त्यात स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका मोहन आगाशे यांनी केली. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत.

२०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती आणि पाचांतले सुमारे चार जण खेड्यांत राहत होते. खेड्यातील आजाऱ्याची देखभाल संस्थेत होत नाही. ती घरात होते आणि बहुतेक वेळा सून, मुलगी किंवा बायको करते. त्यामुळे परदेशाप्रमाणे वृद्धाश्रमांना गोधड्या पाठवण्याची रीत येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. येथे गोधडी घरापर्यंत पोहोचली पाहिजे आणि शक्य तर घरच्याच कापडाची असली पाहिजे.

भंडाऱ्याच्या कापडाची स्पर्शगोधडी

झाडीपट्टीतल्या वयस्क स्त्री-पुरुषांच्या हातांना कॉर्डुरॉय किंवा डेनिमची ओळख नाही. त्यांच्या ओळखीचे पोत वेगळे आहेत: कोसा कापडाची खरखर, करवतकाठीच्या काठावरचे दाते, मऊ झालेले सुती लुगडे, धोतराचा काठ, घोंगडीची लोकर, गोणपाट. चाळ्यासाठी झिपपेक्षा नाडीची गाठ, काज आणि गुंडी, पान-सुपारीच्या चंचीसारखे कप्पे, पोलक्याचा हूक या गोष्टी जवळच्या. धान पेरण्या-कापण्यात, मासे धरण्यात किंवा कांड्या भरण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्या कामाची आठवण देणारी वस्तू द्यावी. विणकराच्या घरातल्या आजीला दोऱ्याची वेणी, धिवराच्या घरातल्या आजोबांना जाळ्याचा तुकडा, शिवणाऱ्या बाईला अर्धवट ओवलेला जाड दोरा. भंडाऱ्याच्या पितळकामातली छोटी घुंगरेही चालतील, पण ती पक्क्या कापडी पिशवीत आत शिवून टाकलेली हवीत.

सुरक्षिततेचे नियम कडक आहेत. तोंडात घालता येईल असे काहीही सैल ठेवायचे नाही. मणी आणि बटणे दोनदा टाके घालून बसवायची आणि दर धुण्यानंतर ओढून पाहायची. गळ्याभोवती गुंडाळली जाईल अशी लांब नाडी नको. सुई, टाचणी, धातूची धारदार कड नको. गोधडी धुता आली पाहिजे आणि उन्हात लवकर वाळली पाहिजे. म्हणून वाकळेपेक्षा तिला थर कमी लागतात. रुग्णालयात एकाची गोधडी दुसऱ्याला देऊ नये, कारण संसर्ग पसरतो. आकार मांडीएवढा आणि रंग एकमेकांपासून ठळक वेगळे असावेत, म्हणजे अंधूक दृष्टीलाही कडा कळतात. फार नक्षीने मन गोंधळते.

काम सुरू करण्याआधी घरच्यांशी बोलणे आवश्यक आहे. माणसाने आयुष्यभर काय केले, कोणते कापड नेसले, कशाची भीती वाटते, कशाने हात शांत होतात, हे त्यांच्याकडूनच कळते. कपाटातले जुने लुगडे किंवा सदरा त्यांनीच काढून द्यावा. जिवंत माणसाचे आवडते वस्त्र त्याच्या देखत कापू नये. आजाऱ्याला जमत असेल तर तुकडे निवडण्यात, चिंध्या घडी करण्यात किंवा टाका घालण्यात सहभागी करावे. वाकळ शिवलेल्या बाईचे हात अनेकदा टाका विसरलेले नसतात.

या कामासाठी लागणारी माणसे जिल्ह्यात आहेत. वाकळ शिवणाऱ्या वयस्क बायका, गावोगावचे बचत गट, आशा आणि अंगणवाडी सेविका, महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेची मुले आणि आंधळगाव-मोहाडीचे विणकर, ज्यांच्या मागावर कापडाचे उरलेले तुकडे पडतात. मोठ्या बायकांनी टाका शिकवायचा आणि तरुणांनी तो शिकायचा, अशी मांडणी केली तर दोन कामे एकदम होतात. आजारी माणसाच्या हाताला आधार मिळतो आणि घराघरांत तुटत चाललेली शिवण पुढच्या पिढीकडे जाते. शिवताना कोणत्या घरचे कोणते कापड वापरले, कोणी शिवले आणि कोणत्या वर्षी, याची नोंद गोधडीच्या मागच्या बाजूला दोऱ्यानेच घातली, तर त्या वाकळेचा इतिहास तिच्याबरोबरच राहील.